महाराणीचं माहेर

४ मार्च

महाराणी आली!

पार्सलवाल्याने खाली लॅबच्या दारातच गाठलं. माझ्या हातात तेव्हा एका वकिलांची खालची अख्खी कवळी होती. ती तशीच टेबलावर ठेवली आणि सही केली. डब्यात डबा, त्यात कापूस, कापसात आणखी एक डबा. पाठवणारे आमचे खाणवाले. खाणीत मुकादम होते, आता निवृत्त होऊन दगड विकतात, फार लांब राहतात आणि फोनवर शब्द मोजून बोलतात. पण कापूस वापरताना हात अजिबात आखडत नाहीत.

क्रोकॉईट म्हणजे शिसं आणि क्रोमियम यांचा संसार. संसार बहुतेकांचे होतात, पण इतका देखणा क्वचित. जळक्या पावाच्या कडेसारखा काळपट खडक आणि त्यातून सरळ उभ्या राहिलेल्या तीन केशरी-लाल काड्या. मधली बोटभर उंच, टोकाशी पोकळ, नुसता श्वास लागला तरी मोडेल अशी. मी जन्मभर लोकांचे दात बनवत आलो, रंग जुळवणं हा माझा धंदा. पण माझ्या रंगपट्टीत या रंगाला जागा नाही. असे दात कुणाचे असतील तर त्याने आधी डॉक्टर गाठावा.

बायकोला हाक मारून दाखवलं. ती तलावावर पोहायला शिकवते, त्यामुळे घरातही तिचा आवाज पलीकडच्या काठाला ऐकू जाईल असाच असतो. "अहो, गाजरं छान आहेत! आता हात धुवा, मगच टेबलाशी या." दगडात शिसं आहे म्हणून हात धुण्याचा नियम तिने केलाय आणि तो मला मान्य आहे. गाजरं म्हणण्याचा मात्र मी दरवेळी निषेध करतो.

महाराणीला दगडांच्या खोलीत मधल्या फळीवर बसवलं. ही मुळात मुलीची खोली. ती लग्न होऊन गेली तेव्हा तिचा पलंग खाली लॅबच्या मागे उभा करून ठेवला आणि इथे कपाटं लावली. उजेडाने या काड्यांचा रंग उतरतो, म्हणून खिडकीला जाड पडदा आहे आणि तो उघडायचा नाही. बायको म्हणते, घरातली एक खोली कायम झोपलेली असते.

६ मार्च

आमच्या खनिज मंडळाचे अध्यक्ष, म्हणजे कोपऱ्यावरचे औषधवाले, महाराणीच्या दर्शनाला आले. भिंग लावून बराच वेळ वाकले होते. मग म्हणाले, "माहेरासकट आहे. वा!"

ज्या खडकावर स्फटिक उगवतो त्याला आमच्या मंडळात माहेर म्हणतात. हा शब्द औषधवाल्यांच्या आईंनी दिला म्हणे. माहेर सुटलेला स्फटिक कितीही रूपवान असो, त्याची किंमत निम्मी. प्रदर्शनात त्याला मागच्या रांगेत बसवतात.

प्रदर्शन या महिन्याच्या अखेरीस, वाचनालयाच्या सभागृहात. पहिल्या टेबलावर महाराणी असणार हे त्यांनी जाता जाता कबूल केलं. मी खाली जाऊन दोन दाढा शीळ घालत बनवल्या.

८ मार्च

आज एक तक्रार आली, आणि अशी की हसावं की रडावं. मागच्या महिन्यात एका गायकाला पुढचा दात करून दिला होता. रंग असा जुळला होता की मलाच तो शोधावा लागत होता. आता गायक म्हणतात, रंगमंचावर जांभळे दिवे लागले की बाकीचे दात चमकतात आणि हा एक गायब होतो. गाताना तोंडात भोक दिसतं. पहिल्या रांगेतलं एक पोर ओरडलं म्हणे, "आई, त्यांचा दात पडला!"

खरा दात जांभळ्या उजेडात निळसर पांढरा चमकतो. आम्ही वापरतो त्या चांगल्या रेझिनमध्ये ती चमक मुद्दाम घातलेली असते. पण गायकांच्या दाताला मी जुन्या साठ्यातली पावडर वापरली होती. दाताच्या कण्या करून त्यांची समजूत घातली. नवा दात करून देणार. तपासायला हवा म्हणून जांभळा दिवाही मागवला.

९ मार्च

मुलगी आली. न कळवता! दुपारी बेल वाजली तर दारात ती, दोन मोठ्या बॅगा, तिची उशी, आणि कडेवर मूल घ्यावं तशी धरलेली एक कुंडी.

"चार दिवस आलेय, बाबा," म्हणाली.

"चार दिवसांसाठी कुंडी?"

"तिला पाणी कोण घालणार?"

खरंच आहे. जावई विसरभोळे आहेत, नाहीतरी आपल्याच विचारात असतात. बायकोने कुंडी हातात घेतली, तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं आणि दिवाणखान्याच्या कोपऱ्यात ठेवली. झोपायची सोय सोफ्यावर केली. मुलीला लगेच महाराणी दाखवली. "सुंदर आहे," म्हणाली, पण पाहत होती खोलीच्या भिंतीकडे, जिथे पूर्वी तिचा पलंग असायचा. प्रवासाने दमली असेल.

१२ मार्च

मुलगी अजून आहे, छान वाटतं. सकाळी खाली लॅबमध्ये येऊन बसते. लहानपणी शाळा सुटली की इथेच बसायची आणि मेणाचे दात करायची. ब्रश धरायला मीच शिकवलं. आजही तिला एक दाढ रंगवायला दिली तर हात तसाच हलका.

तिचा फोन वाजतो तेव्हा ती गॅलरीत जाऊन बोलते. बोलते कसलं, ऐकते. आमच्या भिंतींमुळे आत आवाज नीट येत नसणार.

१५ मार्च

घरात काहीतरी शिजतंय. लॅबमधली स्टीलची मोजायची टेप सकाळपासून सापडत नव्हती. शेवटी मिळाली कुठे, तर दगडांच्या खोलीत, खिडकीच्या कट्ट्यावर! म्हणजे बायको पडदा बदलायच्या विचारात आहे. मी तिला आत्ताच स्पष्ट सांगून टाकलं, पातळ पडदा चालणार नाही. ती म्हणाली, "मी कशाला हात लावू तुमच्या अंधाराला?" चेहरा मात्र निरागस होता. मुरलेली बाई आहे.

लॅबमध्येही कुणीतरी लुडबुड केलीय. रेझिनच्या ट्यूबचं झाकण घट्ट लावलेलं होतं, आणि मी तर ते कधीच घट्ट लावत नाही. हिरड्यांसाठी जो गुलाबी रंग ठेवतो त्याच्या डबीत नारिंगी ठिपका पडलेला. गुलाबी बिघडला. मुलीला विचारलं तर म्हणाली, "मीच काहीतरी करून बघत होते, बाबा. सॉरी." लाल झाली होती. म्हटलं, अगं, रंगच तो, त्यात काय एवढं!

१८ मार्च

फसवणूक. शुद्ध फसवणूक!

जांभळा दिवा आज आला. गायकांचा दात अजून व्हायचा आहे, म्हणून म्हटलं आधी दगड बघू या. वर गेलो, पडदा ओढलेलाच होता, दिवा लावला. सगळे दगड आपापल्या जागी गप्प, काळे. महाराणीवर उजेड पाडला आणि दिवा आणखी जवळ नेला. मधल्या काडीच्या बुडाशी, खडकाला लागून, बारीक निळसर पांढरी रेघ. दोरा गुंडाळावा तशी, सगळीकडून.

डिंक! मधली काडी तुटलेली आहे आणि कुणीतरी ती चिकटवली आहे. साध्या उजेडात भिंगाखालीही दिसत नाही इतक्या सफाईने. म्हणजे इतके दिवस मी शीळ घालत होतो ती जोडलेल्या काडीसाठी.

तसाच फोन लावला. खाणवाल्यांना जे बोललो ते इथे लिहिणं शोभणार नाही. ते शांतपणे म्हणाले, "माझ्याकडून गेला तेव्हा अखंड होता."

"मग काय माझ्या कपाटात बसून तुटला आणि आपणच जुळला?"

"परत पाठवा," म्हणाले आणि फोन ठेवला. एवढा थंडपणा! चोराच्या उलट्या बोंबा निदान मोठ्याने तरी असतात.

१९ मार्च

रात्री जेवताना तोंड कडू होतं, म्हणून मनातलं सगळं बोलून टाकलं. बायको सूप वाढत होती, मुलगी समोर बसली होती. मी म्हणालो, "तुटल्याचं मला दुःख नाही. वस्तू तुटते. पण तुटलं तर तसं सांगावं! गुपचूप चिकटवून, वरून रंग लावून, जणू काही झालंच नाही असं माझ्या घरात आणून ठेवायचं?"

मुलीने चमचा खाली ठेवला.

"एकदा माहेर सुटलं की सुटलं," मी म्हणालो. "मग परत आणून चिकटवण्यात काय अर्थ आहे? असला तुकडा मी घरात ठेवणार नाही. जिथून आला तिथे परत."

बायको एकदम म्हणाली, "अहो, सूप निवतंय. गप्प बसा आणि जेवा." तिचा हा आवाज तलावावरचा नव्हता. मी चकित होऊन चमचा उचलला. मुलगी भूक नाही म्हणून उठली. इतकं संवेदनशील पोर! माझ्या दगडाचं तिलाही लागलं.

२० मार्च

मुलगी म्हणाली, उद्या दुपारच्या गाडीने निघते. मी म्हटलं, जावईबापूंना नमस्कार सांग. एरवी ती माझ्या 'बापूं'ना हसते, आज हसली नाही.

महाराणीसाठी डबे काढून ठेवले. कापूस कमी पडतोय.

घर उगाच शांत आहे. बायको दोनदा माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि दोन्ही वेळा काही न बोलता गेली. हे तिच्या स्वभावात नाही. काहीतरी चुकलंय, पण काय ते लक्षात येत नाही. मी तर खाणवाल्यांना बोललो होतो, घरात कुणाला नाही.

२१ मार्च

नीट क्रमाने लिहितो, म्हणजे मलाही उमजेल.

सकाळी गायकांचा नवा दात झाला. चांगलं रेझिन वापरलं, थर चढवले, घासला आणि तपासायला जांभळ्या दिव्याखाली धरला. चमकला. निळसर पांढरा, अगदी खऱ्यासारखा. मी खूश झालो, आणि दुसऱ्याच क्षणी हात थांबला. ही चमक मी तीनच दिवसांपूर्वी महाराणीवर पाहिली होती. हाच रंग, हीच जात. रोज ज्याच्यावर पोट भरतो ते रेझिन मी ओळखू नये! खाणवाल्यांच्या गावात दात जोडायचं रेझिन कुठून येणार?

महाराणीला डब्यातून काढून खाली आणलं आणि मोठ्या भिंगाखाली ठेवलं. आता काय शोधायचं ते माहीत होतं, म्हणून दिसलं. जोडावर रंगाचा पातळ हात होता. नारिंगी, जो आम्ही दाताच्या मुळाशी देतो, आणि त्यात हिरड्यांचा गुलाबी. माझ्या रंगपट्टीत नसलेला रंग कुणीतरी माझ्याच दोन डब्यांतून काढला होता. मला तो इतक्या वर्षांत सुचला नव्हता. जोड केसाएवढा, कुठे ओघळ नाही, फुगवटा नाही. ब्रश टेकवून शेवटी किंचित वर उचलायची ती सवय मी एकाच व्यक्तीला शिकवली आहे. खरं सांगतो, आधी अभिमान वाटला, राग त्याच्यामागून आला. रागाला मग बसायला जागाच उरली नाही. आपलेच दात, आपलेच ओठ.

पण ती त्या खोलीत गेलीच कशाला? तिला दगडांचं वेड नाही. मग खिडकीच्या कट्ट्यावरची टेप आठवली. टेप खिडकीपाशी सापडली म्हणून मी पडदाच धरून बसलो होतो. पण पडदा मोजायचाच नसेल तर?

तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. दोन बॅगा. उशी. कुंडी! चार दिवसांसाठी कुणी उशी आणतं? आणि परवा मी सूप पिता पिता तिच्या तोंडावर काय काय बोललो ते शब्दन्‌शब्द आठवलं. माहेर सुटलं की सुटलं. परत आणून चिकटवण्यात काय अर्थ. असला तुकडा घरात नको. मी जिन्यावरून कधी इतका वेगाने चढलो नसेन.

ती दिवाणखान्यात बॅगेची चेन ओढत होती. कुंडी दारापाशी ठेवलेली. बायको खिडकीशी पाठ करून उभी होती. मला धाप लागली होती, आणि येताना जिन्यात जुळवलेलं सगळं भाषण विसरलं होतं. हातात मात्र टेप होती, खालून येताना का उचलली देव जाणे. ती पुढे केली आणि विचारलं, "पलंग बसतो का?"

तिने टेपकडे पाहिलं.

"मोजलं होतंस ना? तुझा पलंग. बसतो का त्या भिंतीला?"

"दोन बोटं कमी पडतात," ती म्हणाली. "कपाटामुळे." आणि मग चेन तशीच अर्धी सोडून रडायला लागली.

हळूहळू सगळं बाहेर आलं. पलंग ठेवला तर कपाटाचं दार उघडेल का, हे बघायला तिने दार उघडून टेप लावली. हातातून पट्टी सुटली, सर्रकन आत ओढली गेली आणि तिचं टोक महाराणीला लागलं. "सांगणार होते, बाबा. दोन्ही गोष्टी सांगणार होते. मग तू म्हणालास..."

"मी दगडाबद्दल बोलत होतो गं."

"माहितेय. पण मला तसं ऐकू आलं नाही."

मी विचारलं, काय झालं तिकडे. ती बॅगेच्या पट्ट्याशी खेळत म्हणाली, "वाईट वागत नाहीत, बाबा. कुणी बोलतच नाही माझ्याशी. गॅलरीतल्या कुंडीशी बोलायचे मी." तिच्या शेजारी बसलो आणि तिची बॅग परत उघडली.

बायकोला नंतर विचारलं, तुला कधी कळलं? "कुंडी बघूनच," म्हणाली.

"मग मला सांगायचं!"

"तिचं तिने सांगायला हवं होतं. आणि काल दोनदा आले होते तुमच्यापुढे. तुम्ही कापूस मोजत होतात."

दुपारची गाडी तिच्याशिवाय गेली.

२२ मार्च

कपाटं हलली. आमच्या जिन्याला वळण आहे, हे कपाट उतरवताना आणि पलंग चढवताना दोन्ही वेळा समजलं. दगड आता लॅबच्या मागच्या भागात, जिथे खिडकीच नाही. महाराणीच्या एका बाजूला वकिलांची कवळी, दुसऱ्या बाजूला प्लॅस्टरचे जबडे. दरबार भरल्यासारखा दिसतो.

खाणवाल्यांना फोन करून माफी मागितली. पूर्ण, काटछाट न करता. त्यांनी एवढंच विचारलं, "जोडला कुणी?"

"माझ्या मुलीने."

"माझ्याकडे तुटके पडलेत काही. विचारा तिला." फोन ठेवला. माणूस कमी बोलतो, पण मी उगाच वाईट समजलो होतो.

२९ मार्च

प्रदर्शन झालं. औषधवाल्यांनी आदल्या दिवशी हळूच सुचवलं होतं की रेघ दिसत नाही, तर चिठ्ठीत लिहायची गरज काय. मी म्हटलं, नाही, लिहायचं. महाराणीसमोरची चिठ्ठी अशी: "क्रोकॉईट. माहेर मूळचंच. मधली काडी आमच्या घरी तुटली आणि घरीच जोडली. जोडणारी: माझी मुलगी." त्यामुळे नियमाप्रमाणे पहिल्या टेबलावरून मागच्या रांगेत गेलो आणि बक्षीस एका हिरव्या दगडाला मिळालं. पण गर्दी मागे होती. लोक भिंग घेऊन जोड शोधत होते आणि तो कुणालाच सापडत नव्हता. मुलगी बाजूला उभी राहून जांभळा दिवा दाखवत होती. गायकही आले होते, तिथे त्यांनी त्याच दिव्याखाली हसून दाखवलं.

परतताना मंडळातल्या एका बाई बायकोला गोड आवाजात म्हणाल्या, "लेक बरेच दिवस राहिलीय, नाही?" बायकोचा चेहरा उतरला. घरी आल्यावर म्हणाली, "अहो, आता लोक हसणार."

"हसू देत," मी म्हणालो. "हसतील त्यांचे दात दिसतील. आणि निम्मे मीच बनवलेत."

ती इतक्या मोठ्याने हसली की पलीकडच्या काठावरसुद्धा ऐकू गेलं असेल.

त्या खोलीचा पडदा आता दिवसभर उघडा असतो. कुंडी खिडकीच्या कट्ट्यावर, टेप सापडली होती तिथेच. तिला नवं पान आलंय असं मुलीने खाली येऊन सांगितलं. मी हात धुतले आणि वर जाऊन बघून आलो.